माहिती टप्प्याटप्प्याने दाखवायची, पण पहिल्या पडद्यावर काय ठेवायचं?

रेघोटी

नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रांसाठीच्या एका अ‍ॅपचं डिझाइन सध्या माझ्याकडे आहे. नाव सांगत नाही, पण केंद्रं पश्चिम महाराष्ट्रातली आहेत आणि वापरणारे शेतकरी. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की नोंद फोनवर येते, दर दहा दिवसांनी बिल येतं.

आत्ताचा पडदा बघितला तर डोळे गरगरतील. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पाण्याचं प्रमाण, मूळ दर, फॅटचा फरक, एसएनएफचा फरक, लागलेला दर, रक्कम, उचल, पशुखाद्य, इतर कपात, शिल्लक, सभासद क्रमांक, केंद्राचा कोड, मशीनचा कोड. सगळं एकाच आकाराच्या अक्षरात, एकाखाली एक.

माझा आराखडा असा: उघडल्या उघडल्या आजची रक्कम मोठ्या अक्षरात, तिच्याखाली लिटर. बाकी सगळं 'तपशील पाहा' वर बोट लावलं की उघडेल. पुस्तकी भाषेत बोलायचं तर आधी मोजकं, मग मागेल त्याला जास्त. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 च्या लेखात हेच मांडलंय. त्यांचा आणखी एक मुद्दा असा की दोनपेक्षा जास्त थर केले की माणूस वाट चुकतो. म्हणून मी दोनच थर ठेवलेत.

तरी काहीतरी खटकतंय, आणि काय ते सापडत नाहीये. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी दूध घातलंय त्यांनी तर नक्कीच लिहा.

काटेकोर

मला या 'तपशील पाहा' प्रकाराचा मुळात राग आहे. डिझायनरला काय ठेवायचं ते ठरवता आलं नाही की तो बाण काढतो आणि त्यामागे सगळं ढकलतो. पडदा स्वच्छ दिसतो, सादरीकरणात टाळ्या मिळतात, आणि वापरणाऱ्याला दिवसातून दोनदा एक जादा टिचकी पडते.

मायक्रोसॉफ्टचं ऑफिस 2000 आठवतंय का कुणाला? त्यात मेनू उघडला की मोजकेच पर्याय दिसायचे आणि तळाशी दुहेरी बाण. त्यावर टिचकी मारली, किंवा थोडा वेळ थांबलं, की पूर्ण मेनू उलगडायचा. वर कडी म्हणजे जे जास्त वापराल ते वर यायचं, बाकीचं लपायचं. म्हणजे आज जिथे होतं तिथे उद्या असेलच असं नाही. हात सवयीने जातो त्या जागी वस्तू नसली तर सोपेपणा कसला? 2007 च्या आवृत्तीत ते मेनूच गेले आणि रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आला. उलट दिशेने गेले ते: सगळं दिसू दे, पण गटागटाने.

खोडसाळ

एका वेळी 7 पेक्षा जास्त गोष्टी दाखवायच्या नसतात असा शास्त्रीय नियम आहे म्हणे. 16 रकाने भागिले 7, म्हणजे तीन पडदे. संपला विषय, धागा बंद करा.

काटेकोर

> 7 पेक्षा जास्त गोष्टी

हे एकदाचं थांबवा रे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा 1956 चा तो लेख गोष्टी डोक्यात किती धरून ठेवता येतात त्याबद्दल आहे. पडद्यावरची यादी डोळ्यांसमोर असते, ती पाठ करायची नसते. या आकड्याच्या नावावर किती मेनू कापले गेले त्याची गणती नाही.

अनुस्वार

मी इंग्लंडमध्ये सरकारी अर्जांच्या डिझाइनवर काम करते, म्हणून दोन पैसे टाकते.

या धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. एक, माणसाला माहिती *विचारणं*. दुसरी, माणसाला माहिती *सांगणं*. टप्प्याटप्प्याने विचारणं जवळपास नेहमी फायद्याचं ठरतं. आमच्याकडे गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर 'एका पानावर एकच गोष्ट' हे तत्त्व आहे. एक प्रश्न, एक बटण, पुढे. 'तुमचा व्यवसाय आहे का?' याला 'नाही' म्हटलं की व्यवसायाचे पुढचे प्रश्न त्याला दिसतच नाहीत. कागदावर तेच 'लागू नसल्यास प्रश्न क्र. 14 कडे जा' असं असायचं आणि निम्मे लोक 13 वरच अडकायचे. शेवटी, पाठवण्याआधी, दिलेली सगळी उत्तरं एका पानावर येतात आणि प्रत्येकासमोर 'बदला'. हे शेवटचं पान नसेल तर बाकीचं करू नये असं माझं मत. आपण काय काय कबूल केलं ते माणसाला एकत्र दिसायला हवं.

सांगण्याचं मात्र उलट आहे. उघड-मिट होणारे कप्पे केव्हा वापरावेत याबद्दल आमच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: जे सगळ्यांना लागतं ते कप्प्यात घालू नका. काहींनाच, कधीतरी लागतं तेवढंच आत जातं. रेघोटी, तुमच्या 16 रकान्यांतले सगळ्यांना रोज लागणारे कोणते, हे कुणाला विचारलंत?

रेघोटी

> हे कुणाला विचारलंत?

संस्थेच्या कार्यालयातल्या लोकांना. त्यांनी 'रक्कम' सांगितलं.

माणदेशी_बापू

ताई, मी केंद्रावर सेक्रेटरी हाय. ते 2006 चं आणि 1956 चं तुमचं तुम्ही बगा. पडद्यावर काय पायजे ते मी सांगतो.

पहाटं साडेपाचला गर्दी सुरू होते. माणूस किटली घेऊन आला की दूध काट्यावर, मग नमुना मशीनला. डिस्प्ले त्याच्या तोंडाकडं केलेला असतो. तो काय बघतो? फॅट. लिटर त्याला घरनंच ठाऊक असतंय, गाय रोज पिळतोय तो. रक्कम तोंडी काढतोय. फॅट 3.9 लागली तर गप किटली उचलून जातोय. काल 3.9 आन् आज 3.5 लागली की तिथंच उभा. "मशीन धुतलंतं का? दूध ढवळलं का? माज्या आधी कुणाचं दूध व्हतं?" मागं वीस माणसं थांबल्याली.

आता त्याचं बी चुकत न्हाई. दूध न ढवळता वरचं घेतलं तर फॅट जास्त लागते, तळाचं घेतलं तर कमी. म्हणून ढवळल्याबिगर नमुना घ्यायचा न्हाई हा नियम हाय, पण गडबडीत पोरगं इसरतंय. दर जाहीर होतोय 3.5 फॅट आन् 8.5 एसएनएफला, गायीच्या दुधाचा. त्याच्या खाली-वर एक पॉइंट म्हणजे 0.1 हललं तरी लिटरमागं पैसं हलत्यात. दहा दिवसांत ते नजरंत भरतंय.

तुम्ही रक्कम मोठी करून फॅट आत टाकली, तर शेतकऱ्याला वाटणार, लपवली.

खोडसाळ

बापू, +1. पंगतीत मीठ-लिंबू आधी वाढतात आणि पोळी मागून येते, पण तूप वाटीत झाकून आणलं तर लोक मान वर करून बघणारच.

तळटीप

बापूंच्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. मी ग्राहक तक्रारींचं काम करतो, त्या बाजूने एक भर.

'हळूहळू सांगणं' आणि 'उशिरा सांगणं' यांत फरक आहे आणि अनेक धंदे तो मुद्दाम पुसतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार आहेत आणि त्यांपैकी एक 'ड्रिप प्रायसिंग': किमतीचे घटक आधी न सांगता शेवटच्या पायरीवर उघडे करायचे. तिकीट 400 चं दिसतं, पैसे भरायच्या पानावर सोयीचं शुल्क, मग अजून एक शुल्क. दिसायला हे टप्प्याटप्प्यानेच आहे. फक्त टप्पे ठरवताना सोय विकणाऱ्याची बघितली.

दूध घालणारा शेतकरी इथे विकणारा आहे, ग्राहक नाही. त्यामुळे ही तत्त्वं तुमच्या अ‍ॅपला जशीच्या तशी लागू होतात असं म्हणत नाही. पण तुमच्या आराखड्यात उचल, पशुखाद्य आणि कपात दुसऱ्या थरावर आहेत. वर मोठ्या अक्षरात रोजची रक्कम. समजा दहा दिवसांत वरच्या आकड्यांची बेरीज 2,800 होते आणि खात्यात 1,400 जमा होतात. मधल्या काळात त्याने 2,800 धरून कुणाला तरी शब्द दिलेला असतो. कपात वरच हवी, जमेच्या शेजारी, तेवढ्याच आकारात.

रेघोटी

तळटीप, कपात वर घेते. बापू, फॅटही. पण मग एसएनएफ, दर... पुन्हा 16 वर जाऊन पोचणार नाही ना मी?

माणदेशी_बापू

न्हाई पोचत. केंद्राचा कोड, मशीनचा कोड, सभासद नंबर शेतकऱ्याला कशाला? ते आमच्या कामाचं, तक्रार आली तर. मूळ दर आन् दोन फरक कुणी रोज बघत न्हाई, दर बदलला त्या दिवशीच बघत्यात. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. एवढं आमच्या पावतीवर आज बी हाय आन् पावती वाचता न येणारी म्हातारी बाई सुदीक कुठला आकडा कुठं असतो ते बरोबर सांगती. जागा तेवढी हलवू नका.

आन् एक. कालच्याशी तुलना दाखवणार असाल तर सकाळची फॅट सकाळशीच लावा. संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्तच लागती. रातीचं अंतर मोठं, सकाळी दूध जास्त पण पातळ. तुम्ही आज सकाळची फॅट काल संध्याकाळच्याशी लावून लाल बाण दाखवलात, तर रोज सकाळी अख्खं गाव माज्या दारात. वैरण बदलली, कडबा बंद करून नुसतं हिरवं घातलं तरी उतरती. ते अ‍ॅपात लिहिता आलं तर बगा, लोकांच्या कामाचं हाय.

काटेकोर

हे मात्र मान्य. 'फॅट का उतरली?' ही ओळ खरंच दुसऱ्या थराची आहे. फॅट उतरलेल्या दिवशीच दिसावी, आकड्याच्या अगदी खाली. मदतीच्या वेगळ्या पानात टाकलीत तर कुणी तिथवर जाणार नाही.

अँड्रॉइडच्या परवानग्यांचं असंच झालं. आधी अ‍ॅप टाकतानाच सगळी यादी समोर यायची: कॅमेरा, संपर्क, ठिकाण, मायक्रोफोन. एकतर सगळं कबूल करा, नाहीतर अ‍ॅप विसरा. कोण वाचत होतं? 2015 मध्ये अँड्रॉइड 6 आलं आणि परवानगी मागण्याची वेळ बदलली. फोटो काढायला गेलात की तेव्हा कॅमेऱ्याचं विचारणार. माहिती तीच, शब्दही जवळपास तेच, पण आता प्रश्न कशासाठी आहे ते कळतं आणि 'नाही' म्हणायची सोय आहे. टप्प्याटप्प्याने दाखवण्याचं मला पटलेलं हे एक उदाहरण, आणि त्यात बाण वगैरे काही नाही.

अनुस्वार

काटेकोर, तुमचा राग बाणावर आहे, कल्पनेवर नाही, हे आता उघड झालं. :-)

आयबीएममध्ये जॉन कॅरोल आणि कॅरोलाइन कॅरिथर्स यांनी 1984 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. शब्दप्रक्रियेचं यंत्र (वर्ड प्रोसेसर) नव्याने शिकणाऱ्यांना त्यांनी अशी आवृत्ती दिली की अवघड कामं मेनूत दिसायची, पण निवडली तर 'हे सध्या उपलब्ध नाही' असा निरोप यायचा. नवशिके लवकर कामाला लागले आणि चुकांच्या गर्तेत कमी अडकले. मला त्यातला आवडणारा भाग असा की मेनू *कापला नव्हता*. पुढे काय काय आहे ते दिसत होतं, जागा ठरलेली होती. बापूंच्या म्हातारीला हवं असलेलं तेच.

रेघोटी, नोंदणीचा अर्ज कसा आहे तुमचा? तिथे खरी बचत होईल.

रेघोटी

नोंदणी भयंकर आहे. नाव, मोबाइल, आधार, बँक पासबुकचा फोटो, जमिनीचा तपशील आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक. सगळं भरल्याशिवाय आजची फॅटसुद्धा दिसत नाही.

माणदेशी_बापू

बिल्ला नंबर शासनाच्या अनुदानाला लागतो, दूध घालायला न्हाई. गाय गोठ्यात, माणूस केंद्रावर, आन् फोन मागतोय 12 आकडे. तो काय करणार? शेजाऱ्याच्या गायीचा टाकतो न्हाईतर अ‍ॅप काढून टाकतो.

अनुस्वार

मग पहिल्या दिवशी मोबाइल आणि सभासद क्रमांक एवढंच घ्या, बाकी त्याचं बरंचसं केंद्राकडे आहेच. खातं बदलायचं असेल तेव्हा पासबुक. अनुदानाचा अर्ज उघडेल तेव्हा बिल्ला, आणि तेव्हाही 'गोठ्यात जाऊन भरा, अर्धवट जतन राहील' हे आधी सांगून. मधेच सोडता येत नसेल तर टप्पे केल्याचा काही उपयोग नाही.

चष्मिष्ट

वाचनमात्र होते, पण एक कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही म्हणून लिहिते.

लोक अ‍ॅप बघत नाहीत हो, अ‍ॅपचा फोटो बघतात. माझे सासरे बिलाचा स्क्रीनशॉट काढून मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, मुलगा तो भावाला टाकतो, भांडण झालं तर तोच संस्थेच्या गटावर जातो. मिटलेला कप्पा स्क्रीनशॉटमध्ये मिटलेलाच राहतो. समोरच्याला ना बोट लावता येतं ना उघडता येतं. म्हणजे ज्या आकड्यांवर वाद होतो ते एका स्क्रीनशॉटमध्ये मावले पाहिजेत, तारीख-वेळेसकट.

रेघोटी

चष्मिष्ट, ही कसोटी थेट उचलते. पहिला थर = एका स्क्रीनशॉटवर भांडता येईल इतकं.

तळटीप

आणि दुसरा थर कुठे आहे ते त्या फोटोवरून कळायला हवं. कागदावर ही युक्ती जुनी आहे, सातबारा बघा. खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. ते नाव वारसाने लागलं की खरेदीने, हे सातबारा सांगत बसत नाही, ते गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत. क्रमांक घेऊन तलाठ्याकडे गेलं की पूर्ण गोष्ट मिळते. पहिल्या कागदावर फक्त धागा, पण पकडता येईल असा.

2020 मध्ये सातबाऱ्याचं रूप बदललं तेव्हाही हीच वर-खाली केली गेली. खाते क्रमांक 'इतर हक्क' मध्ये पडलेला असायचा, तो नावासमोर आणला. जुने फेरफार क्रमांक वेगळ्या रकान्यात काढून ठेवले, टाकून दिले नाहीत. फेरफार प्रलंबित असेल तर ते समोर दिसायला लागलं, कारण जमीन घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच. हे ठरवणाऱ्यांनी डिझाइनचे लेख वाचले होते की नाही माहीत नाही, पण भांडणं पाहिली असणार.

तुम्हीही प्रत्येक नोंदीला एक पावती क्रमांक द्या. आत मशीनचा कोड, नमुन्याची वेळ, लागू दरपत्रक, सगळं त्या क्रमांकाखाली.

काटेकोर

दहा दिवसांचं बिल मात्र उलट चालीने करा. तिथे 20 नोंदी आहेत. आधी एकूण जमा, एकूण कपात, हातात किती. मग 20 ओळी. मग एका ओळीवर बोट, की त्या वेळेची पावती. संगणक-संशोधक बेन श्नायडरमन यांचं 1996 चं सूत्र आहे ना: आधी आवाका, मग गाळणी, आणि तपशील मागितल्यावर. रोजच्या नोंदीला ते लागत नाही कारण तिथे आवाकाच पाच आकड्यांचा आहे. एकाच अ‍ॅपात दोन पडद्यांना दोन न्याय लागतात, आणि डिझाइनवाले एकच साचा सगळीकडे फिरवतात ही माझी मूळ तक्रार अजून कायम आहे.

खोडसाळ

काटेकोर यांनी 'करा' असं म्हटलं! धाग्याचं सार्थक झालं.

माणदेशी_बापू

हे सगळं झालं मोठ्या फोनवाल्यांचं. आमच्याकडं बऱ्याच जणांकडं बटनाचा फोन हाय. त्यांना मेसेज जातोय. त्याचं काय?

रेघोटी

मेसेज माझ्या कामात आहे, पण त्याकडे अजून बघितलं नव्हतं. आत्ताचा मजकूर 'आदरणीय सभासद, आपले दूध संकलन यशस्वीरीत्या नोंदवले गेले आहे' असा सुरू होतो.

काटेकोर

तिथेच गेली तुमची जागा. देवनागरी असलं की एका एसएमएसमध्ये 70 अक्षरं मावतात, रोमनच्या 160 नाहीत. आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजतात. 71 वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे. इथे 'तपशील पाहा' नाही, दुसरा थर नाही, काही नाही. आधी हा मेसेज लिहायला हवा होता, मग पडदा.

रेघोटी

बसवून बघितला, आकडे उदाहरणादाखल:

12/6 सकाळ गाय 8.4लि फॅट3.8 एसएनएफ8.5 दर33.20 रु278.88 एकूण2310.40

काना-मात्रा धरून 65.

माणदेशी_बापू

एकूण काढा. दहा दिवसांनी कळतोच, आन् कपात धरल्याबिगर तो खोटा आकडा हाय, वर तळटीपसाहेब बोललेच. तिथं मागल्या सकाळची फॅट टाका.

रेघोटी

12/6 सकाळ गाय 8.4लि फॅट3.8 एसएनएफ8.5 दर33.20 रु278.88 मागील3.9

62. आता पडदाही याच क्रमाने लावते. फक्त त्यात पावती क्रमांक बसत नाहीये, 8 अक्षरंच उरली.

तळटीप

केंद्रापुरता चार आकडी रोजचा क्रमांक घ्या. तारीख आणि वेळ आहेच, त्यावरून नोंद सापडते.

माणदेशी_बापू

चालंल. आन् म्हशीचा मेसेज येगळा पाठवा, तिची फॅट 6 च्या पुढं असती. एकाच मेसेजात गाय-म्हैस घातली तर गायवाला म्हशीचा आकडा घेऊन येतोय केंद्रावर.